तापमापीला न दिसणारी उष्णता

पदार्थाला उष्णता दिली की त्याचे तापमान वाढते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की उष्णता आणि तापमान या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असा समज विज्ञानाच्या इतिहासात दीर्घकाळ टिकला आणि व्यवहारात तो आजही टिकून आहे. कमाल तापमानाचा आकडा म्हणजेच उन्हाळ्याची तीव्रता, असे गृहीत धरले जाते ते याच समजापोटी. वस्तुतः उष्णता ही ऊर्जा असून ती अधिक तापलेल्या पदार्थाकडून कमी तापलेल्या पदार्थाकडे जाते आणि तिचे प्रमाण मोजता येते. तापमान हे त्या ऊर्जेच्या केवळ एका परिणामाचे माप आहे, आणि स्थायूचा द्रव किंवा द्रवाचा वायू होत असताना तो परिणाम घडतच नाही. उष्णता आत जात राहते, तापमापीतला पारा मात्र जागचा हलत नाही.

या न दिसणाऱ्या उष्णतेचे प्रमाण किती मोठे आहे, हे एका हिशेबावरून कळते. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. शून्याखाली दहा अंशांवर असलेला एक किलो बर्फ तापवत तापवत त्याची पूर्ण वाफ करायची असेल, तर बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास ५ किलोकॅलरी पुरतात, कारण बर्फाला पाण्याच्या सुमारे निम्मीच उष्णता लागते. तो वितळवण्यास ८०, झालेले पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत नेण्यास १०० आणि त्या पाण्याची शंभर अंशांवरच वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. एकूण ७२५ किलोकॅलरींपैकी ६२०, म्हणजे शेकडा पंच्याऐंशी इतकी उष्णता, तापमान एका अंशानेही न वाढवता पाण्यात सामावली जाते. अवस्थांतराच्या वेळी शोषल्या जाणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी होताना आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होताना ती तितक्याच प्रमाणात बाहेर पडते, तिच्यातला एक अंशही हरवत नाही.

ही उष्णता जाते कोठे, या प्रश्नाचे उत्तर रेणूंच्या पातळीवर मिळते. पदार्थाचे रेणू सतत हालचाल करत असतात आणि त्या हालचालीची सरासरी ऊर्जा म्हणजेच तापमानाचा आधार होय. परंतु रेणूंमध्ये परस्पर आकर्षणही असते, आणि त्या आकर्षणावर मात करून त्यांना एकमेकांपासून सोडवण्यासाठी वेगळी ऊर्जा मोजावी लागते. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत ठरावीक जागी बांधलेले असतात. दिलेली उष्णता वितळण्याच्या काळात ही जाळी मोडण्यात खर्च होते, त्यामुळे रेणूंची सरासरी गती वाढत नाही आणि तापमान स्थिर राहते. वाफ होताना तर द्रवातील जवळीक जवळपास पूर्णपणे तोडावी लागते, कारण पाण्याची वाफ होताच तिचे आकारमान नेहमीच्या दाबाखाली सोळाशे पटींहून अधिक वाढते. म्हणूनच वितळण्यापेक्षा बाष्पीभवनाची किंमत जवळजवळ सात पट आहे. पाण्याच्या बाबतीत हे आकडे विशेष मोठे आहेत, याचे कारण त्याच्या रेणूंना जोडणारे हायड्रोजन बंध. सर्वच पदार्थ इतक्या स्पष्ट रेषेवर अवस्था बदलतात असे मात्र नाही. काच तापवल्यावर हळूहळू मऊ होत जाते, तिला निश्चित द्रवणांक नसतो, कारण तिच्या आत मोडण्याजोगी नियमित जाळीच नसते. उलट कापूर आणि डांबरगोळी हे पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होतात, त्या क्रियेला संप्लवन म्हणतात.

अप्रकट उष्म्याचा शोध ज्याने लावला तो जोसेफ ब्लॅक हा स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र आणि वैद्यक शिकवणारा प्राध्यापक होता. त्याच्या काळापर्यंत असे मानले जाई की बर्फ एकदा शून्य अंशापर्यंत आला की अगदी थोड्याशा उष्णतेने तो सबंध वितळून जावा. ब्लॅकने या मताला दिलेले उत्तर निरीक्षणाचे होते आणि आजही ते वाचताना त्यातील सरळपणा मनावर ठसतो: तसे खरे असते, तर थंड प्रदेशांत वसंताची पहिली ऊब येताच डोंगरांवरचा सारा बर्फ एकाएकी पाणी होऊन खाली कोसळला असता आणि दर वर्षी गावेच्या गावे वाहून गेली असती. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे सावकाश झिरपत राहतो, तेव्हा तो वितळवण्यास पुष्कळ उष्णता लागत असली पाहिजे.

नुसत्या तर्कावर न थांबता ब्लॅकने ती मोजली. त्याने काचेचे दोन सारखे गोल घेतले आणि दोन्हींत समान वजनाचे पाणी भरले. एकातले पाणी गोठवून बर्फ केले, दुसऱ्यातले गोठणांकाच्या जवळ, म्हणजे त्या काळच्या फॅरनहाइट मापाने ३३ अंशांपर्यंत थंड केले, आणि मग दोन्ही गोल एका मोठ्या, रिकाम्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर पोहोचले. बर्फाला वितळून त्याच ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. दोन्ही गोलांना हवेकडून दर अर्ध्या तासाला सारखीच उष्णता मिळत होती असे धरले, तर बर्फाने १४७ अंशांइतकी उष्णता घेतली. त्यातली ८ अंशांची उष्णता वितळल्यानंतरच्या पाण्याचे तापमान वाढवण्यात गेली आणि उरलेली १३९ अंशांची केवळ वितळण्यात गेली. आजच्या अचूक उपकरणांनी मिळणारा आकडा १४४ आहे. दोन गोल, एक तापमापी आणि एक घड्याळ यांच्या बळावर इतके जवळ पोहोचणे, ही प्रायोगिक विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत देखणी कामगिरी मानली पाहिजे. बाष्पीभवनाचा त्याचा आकडा इतका बरोबर आला नाही; चुलीवरचे पाणी उकळण्यास लागलेला वेळ आणि ते सारे आटण्यास लागलेला वेळ यांच्या तुलनेतून त्याने तो काढला होता, आणि तो सुमारे सहाव्या हिश्शाने कमी पडला.

ब्लॅकने १७६२ मध्ये हे निष्कर्ष ग्लासगोमधील विद्वानांच्या सभेत मांडले, विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवले, परंतु पुस्तकरूपाने कधी छापले नाहीत. १७९९ मध्ये तो मरण पावल्यानंतर १८०३ मध्ये त्याची व्याख्याने प्रसिद्ध झाली. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, हे त्या काळचे मत पुढे रम्फोर्ड आणि जूल या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी मोडीत निघाले, तरी ब्लॅकचे मोजमाप अबाधित राहिले, कारण ते उष्णतेच्या स्वरूपाविषयीच्या कोणत्याही मतावर विसंबून नव्हते.

त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटकडे न्यूकोमेन पद्धतीच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीसाठी आली होती. हे इंजिन वाफ प्रचंड खात असे. वॅटने स्वतः प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्याला आढळले की थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहा पट पाण्याला उकळत्या तापमानापर्यंत नेते. याचा उलगडा त्याला ब्लॅकशी झालेल्या बोलण्यातून झाला. न्यूकोमेनच्या इंजिनात प्रत्येक फेरीला वाफेचे पाणी करण्यासाठी सिलिंडरच थंड पाण्याने गार केला जाई, आणि पुढच्या फेरीची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच वाया जाई. वॅटने १७६५ मध्ये वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र योजले, सिलिंडर कायम तप्त ठेवला, आणि १७६९ मध्ये त्याचे एकस्व घेतले. औद्योगिक क्रांतीला वेग देणारे इंजिन ते हेच. विजेच्या निर्मितीत कोळशाच्या अथवा अणुभट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून तिच्यावर जनित्र फिरवण्याची रीत आजही आहे, आणि तेथेही वापरलेल्या वाफेला पुन्हा पाणी करताना तिची अप्रकट उष्णता बाहेर टाकावी लागते. औष्णिक केंद्रांना पाण्याची एवढी निकड का असते, याचे एक मोठे कारण त्यात आहे.

अप्रकट उष्म्याचा आधार नसता तर एकोणिसाव्या शतकातील एक विलक्षण व्यापार उभाच राहिला नसता. अमेरिकेतील बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांमधून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजांनी उष्ण देशांत पाठवण्यास सुरुवात केली. १८३३ च्या मे महिन्यात त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्यास पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. भुसा बाहेरची उष्णता अडवत होता हे खरे, परंतु आत झिरपलेल्या उष्णतेचा प्रत्येक किलोमागे ८० किलोकॅलरींचा वाटा बर्फाने तापमान न वाढवता पचवला, म्हणूनच उरलेला माल सुरक्षित राहिला. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे झाली. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे होता आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भारतात त्याआधी बर्फ होतच नव्हता, असे मात्र नाही. अलाहाबादजवळ हिवाळ्यातील निरभ्र रात्री गवताच्या थरावर उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून त्यावर बर्फाचा पापुद्रा धरवला जाई, आणि सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या पद्धतीचे वर्णन छापले होते. हवा गोठणांकाच्या वर असतानाही हे साधे, कारण पाण्याची उष्णता एकीकडे उघड्या आकाशाकडे प्रारणाने निघून जाई आणि दुसरीकडे बाष्पीभवनाने. मासेमारीच्या बोटी आजही बर्फ घेऊनच समुद्रात जातात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील लसींच्या शीतपेट्यांच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, ज्यामुळे वीज गेली तरी लसी बराच काळ सुरक्षित राहतात.

उकळणे आणि बाष्पीभवन यांत भेद केला पाहिजे. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरून चालू असते; उकळण्यात मात्र द्रवाच्या अंतर्भागातही वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि ते टिकण्यासाठी वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका व्हावा लागतो. म्हणूनच उत्कलनांक स्थिर नसून दाबावर अवलंबून असतो. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांवर उकळते, लेहला सुमारे ८८ अंशांवर, आणि म्हणून तेथे डाळ शिजण्यास वेळ लागतो. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते आणि डाळ लवकर शिजते. उघड्या पातेल्यात एकदा पाणी उकळू लागल्यावर आच मोठी ठेवल्याने अन्न लवकर शिजत नाही, कारण तापमान वाढतच नाही. जास्तीचे इंधन फक्त पाणी आटवते. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्याहून अधिक गंभीर का असते, तेही यावरून कळते: शंभर अंशांवरचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी देते, तर तितकीच वाफ त्वचेवर पाणी होताना आधी ५४० कॅलरी देते आणि मग त्या ६३.

बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता जवळच्या पदार्थातून ओढून घेतली जाते, आणि माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. सच्छिद्र मातीतून पाणझरा बाहेर येतो, त्याचे बाष्प होते, आणि त्याची किंमत आतले पाणी चुकते करते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली थंड ठेवण्याची रीत आणि विदर्भातल्या घराघरांतला कूलर यांचे तत्त्व वेगळे नाही. परंतु हाच कूलर कोकणात निरुपयोगी ठरतो. हवेत ठरावीक तापमानाला ठरावीक मर्यादेपर्यंतच बाष्प सामावू शकते. त्या मर्यादेच्या तुलनेत प्रत्यक्षात किती बाष्प आहे ते शेकडेवारीत सांगितले की तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि ती शंभराकडे जाऊ लागली की बाष्पीभवन मंदावत जाऊन थांबते. समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी कूलरच्या गवतावर ओलेच राहते.

हवेतले हे बाष्प म्हणजे साठवलेली उष्णता आहे, हे ध्यानात घेतले की मान्सूनकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अरबी समुद्रावर सूर्याच्या उष्णतेने झालेले बाष्प वाऱ्यांबरोबर किनाऱ्याकडे येते, सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, आणि त्याचे जलबिंदू होताना समुद्रावर घेतलेली उष्णता उंच हवेत मोकळी होते. त्या उष्णतेने हवा हलकी होऊन आणखी वर जाते, खालून नवे बाष्प ओढून घेते आणि ढग फुगत जातो. चक्रीवादळाचे इंधनही हेच आहे, आणि जमिनीवर येताच ते दुबळे होते याचे मुख्य कारण समुद्राकडून मिळणारा बाष्पाचा पुरवठा तुटतो हे होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी तयार होताना जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवरच्या हवेत सुमारे साडेसहाशे युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी झाली असली पाहिजे. पृथ्वीचे तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची मर्यादा सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे लक्षात घेता अतिवृष्टीची चिंता वैज्ञानिकांना का वाटते, हे निराळे सांगावे लागत नाही.

या तत्त्वाचा सर्वांत निकडीचा संबंध मात्र मानवी शरीराशी आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे ८५ किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो; ती बाहेर गेलीच नाही, तर शरीराचे तापमान तासाला एक अंशाहून अधिक वेगाने वाढेल. हवा त्वचेइतकीच किंवा तिच्याहून अधिक तापलेली असताना शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाचे त्वचेवरून बाष्प झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. हा आकडा ५४० पेक्षा मोठा आहे, कारण कमी तापमानावर पाण्याचे रेणू सोडवण्यास थोडी अधिक ऊर्जा लागते. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही, त्याचे बाष्प व्हावे लागते. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराचे पाणी आणि क्षार नेतो, उष्णता मात्र नेत नाही.

हवा घामाला सुकवू शकते की नाही, हे सांगणारे एक माप हवामानशास्त्रात पूर्वीपासून आहे. तापमापीच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून त्यावर वारा घातला, तर बाष्पीभवनामुळे पारा ज्या आकड्यापर्यंत उतरतो, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. नागपूरला ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान साधारण २३ अंश भरते; मुंबईला ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ते ३० अंशांच्या आसपास जाते. नागपूरचे ऊन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. तेथे घाम सुकतो, पण शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते आणि ते भरून न काढल्यास जीव धोक्यात येतो. मात्र नऊ अंशांनी कमी दिसणारे किनाऱ्यावरचे तापमान सुसह्य आहे, हा समज घातक आहे. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंश झाले, तर सावलीत बसलेल्या निरोगी माणसाचे शरीरही उष्णता बाहेर टाकू शकत नाही, अशी सैद्धान्तिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. त्यानंतर निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेतील प्रत्यक्ष मर्यादा ३०-३१ अंशांपाशीच आढळली. वृद्ध, बालके आणि उन्हात राबणारे यांची मर्यादा त्याहूनही खाली असणार.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर सोहळ्यानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशीचे तापमान विदर्भातल्या उन्हाळ्याच्या मानाने कमीच होते. अशा दुर्घटनेनंतर केवळ पाऱ्याकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. एप्रिल-मे महिन्यांत मैदानावर सभा, सोहळे, शर्यती किंवा भरती ठेवणाऱ्यांनी आर्द्रतेचा आकडा तापमानाइतकाच गांभीर्याने घ्यावा, कार्यक्रम सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावेत, आणि सावली, वारा व पाणी यांची सोय होत नसेल तर ते पुढे ढकलावेत. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी कमाल तापमानाच्या शेजारी आर्द्रता तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. कोणाला उष्माघात झालाच, तर कोरड्या हवेत अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. दमट हवेत नुसत्या वाऱ्यावर विसंबू नये, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ किंवा गार पाण्यात भिजवलेली फडकी ठेवावीत, आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.